लेबलवरची बंतो

ज्या थिएटरात मी लहानपणी दर रविवारी पडद्याकडे तोंड करून बसायचे, तिथे आता लग्नं लागतात. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधल्या त्या इमारतीला बाहेरून सोनेरी रंग फासलाय, दारात फायबरचे दोन हत्ती उभे केलेत आणि तिकिटाची खिडकी होती तिथे कोट ठेवायची खोली आहे. आतली उतरती जमीन सपाट करून टाकली. बाल्कनी तेवढी शाबूत आहे, तिथे डीजे बसतो. मागच्या महिन्यात मी कितीतरी वर्षांनी तिथे गेले आणि दारातच थबकले, कारण नाकात आला तो जुनाच वास. ओले लोकरी कोट, संत्र्याच्या साली, भाजके शेंगदाणे, आणि कारखान्यातलं ऑइल घालवायला पुरुष जो हिरवा साबण हाताला चोळायचे तो. हे शक्य नव्हतं, मला कळत होतं. कार्पेट नवं, भिंती नव्या, हवेत रूम फ्रेशनर. पण नाकाला कोण समजावणार?

मी तिथे गेले होते आईचा आवाज ऐकायला. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही रेडिओवरची गाणी टेप केली, माझे वाढदिवस टेप केले, शेजारच्या आयरिश बाईंचा कुत्रासुद्धा टेप केला. दर वेळी बटण दाबायला आई असायची, त्यामुळे ती स्वतः एकाही कॅसेटमध्ये नाही. आन्सरिंग मशीनवर बाबा बोलायचे. आई काय, घरातच होती. जी घरातच असते तिला कोण टेप करून ठेवतं?

तिचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, एका जुन्या पंजाबी सिनेमातल्या एका गाण्यात. तो सिनेमा दुग्गल लालाजींचा. त्यांच्या नातवाने, विकने, तो सिनेमा नव्याने साफसूफ करून घेतला होता आणि लालाजींनी जिथे तो दाखवला त्याच इमारतीत पुन्हा दाखवायचं ठरवलं होतं.

लालाजी म्हणजे पंजाबी सिनेमाच्या अगदी पहिल्या निर्मात्यांपैकी. निदान ते स्वतः तसं सांगायचे, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला तेव्हा बर्मिंगहॅममध्ये कोणी नव्हतं. घरचं धान्याचं दुकान सोडून ते तंबूतला सिनेमा घेऊन जत्रा-जत्रा हिंडले होते. चित्रं मुकी होती तेव्हाची गोष्ट. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट ओरडून सांगणारा माणूस ते स्वतःच असायचे. मग लाहोरला जाऊन सिनेमे काढायला लागले. आमच्या किचनमध्ये पॅराफिनच्या हीटरशी पाय शेकत ते लाहोरच्या गोष्टी सांगायचे. रावीच्या काठी ऊन पडायची वाट बघत अख्खं युनिट दिवसभर बसून राहिलं आणि आचाऱ्याने तेवढ्यात सगळ्यांना पराठे करून घातले. ऐन शॉटमध्ये म्हशीने नायकाचा फेटा खाल्ला. नट पगारी असायचे, दाढी काढायलासुद्धा लालाजींची परवानगी लागायची. सांगता सांगता ते हसायचे आणि हीटरची निळी ज्योत त्यांच्या चष्म्यात हलायची. पॅराफिनचा वास आला की मला अजून लाहोर आठवतं, मी तिथे कधी गेलेली नाही तरी.

फाळणीत ते सगळं तिकडेच राहिलं. बायको, मुलगा आणि हार्मोनियम घेऊन लालाजी मुंबईला आले आणि परळला भाड्याच्या स्टुडिओत पुन्हा पंजाबी सिनेमे काढायला लागले. अर्धे प्रेक्षक सरहद्दीपलीकडे गेले होते, उरलेले छावण्यांमध्ये होते. तरी काढले. माणूस हट्टी होता. गोड बोलून ज्याच्याकडून जे हवं ते काढून घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. लहानपणी मला त्यातलं गोड बोलणं तेवढं दिसायचं.

आईचं माहेर त्या स्टुडिओच्या जवळच. आजोबा गाण्याच्या शिकवण्या करायचे. लालाजींच्या गाणाऱ्या नटीचा ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी घसा बसला, तेव्हा त्यांच्या पेटीवाल्याने आजोबांच्या थोरल्या मुलीचं, सुमतीचं नाव सुचवलं. आई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. आजोबांची एकच अट होती, मुलीचं नाव कुठेही येता कामा नये. अट घालायची खरं तर गरजच नव्हती. तेव्हाची पद्धतच अशी होती की तबकडीच्या लेबलवर गाणारीचं नाव बऱ्याचदा छापायचेच नाहीत, सिनेमातल्या पात्राचं छापायचे. आईच्या तबकडीवर छापलं होतं "बंतो". जी बाई जगात कुठेच नव्हती ती त्या गाण्याची गायिका झाली. सगळ्यांच्याच सोयीचं होतं. आजोबांची अब्रू राहिली आणि लालाजींचं काम निभावलं. गाणी लिहिणाऱ्या मुनशीने देवनागरीत लिहून दिलेले शब्द आईने पाठ केले. अर्थ कोणी सांगितला नाही, तिनेही विचारला नाही. एका दुपारीत गाणं झालं आणि त्यानंतर ती सिनेमासाठी कधीच गायली नाही. का, ते मला माहीत नाही. तो विषय घरात निघत नसे. त्या तबकडीची एकही प्रत मला पुढे शोधूनही कुठे मिळाली नाही.

आम्ही बर्मिंगहॅमला आलो तेव्हा मी नुकती शाळेत जायच्या वयाची होते. बाबा एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. मराठी घरं एकमेकांपासून इतकी लांब की हळदीकुंकवाला जायचं तर बस बदलून जावं लागे. रविवार म्हणजे धुणं, इस्त्री आणि धूर. आणि मग एका रविवारी बाबांना बातमी लागली की जवळच्या थिएटरात दुपारी आपल्याकडचे सिनेमे लागतात. आपल्याकडचे म्हणजे हिंदी, पंजाबी, काहीही. आम्ही गेलो. बाहेर रांगेत सगळे पुरुषच. फाउंड्रीतून, बेकरीतून, बसडेपोतून आलेले, केस चापून बसवलेले. आई साडीवर लांब करडा ओव्हरकोट घालून, पर्स पोटाशी धरून उभी.

तिकिटाच्या खिडकीत लालाजी स्वतः बसले होते, मान खाली घालून. मुलामागोमाग तेही इकडे आले होते हे आम्हाला काय माहीत. आईने तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत तिकिटं मागितली. त्यांचा हात थांबला, मान मात्र वर झाली नाही.

"बेटी, जरा फिर से बोल," ते म्हणाले.

आईने पुन्हा तिकिटं मागितली, थोडी चिडूनच. मागची रांग खोळंबली होती.

"तू बंतो है."

मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वर पाहिलं. आईने आधी बाबांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "होय, ह्याच त्या बंतोबाई," बाबा मराठीतच म्हणाले आणि हसले. बाबांना माहीत होतं. आई रागावली की ते तिला बंतोबाई म्हणायचे. मला वाटायचं ते असंच काहीतरी लाडाचं नाव आहे.

काही रविवारांनी लालाजींनी तो सिनेमा लावला. त्याची एकच कॉपी ते इंग्लंडला घेऊन आले होते. सिनेमा सुमार होता. आज मी ते स्पष्ट म्हणू शकते. नायक लाकडाचा, खलनायक मिशीचा, म्हैस तेवढी बरी काम करायची. पण मध्यंतरानंतर विहिरीवर ते गाणं यायचं आणि थिएटर बदलून जायचं. परदेशी गेलेल्या नवऱ्याला बाई सांगते की तुझ्या वाटेकडे बघता बघता माझा घडा भरून वाहायला लागला, आता तरी ये. बस्स, एवढंच गाणं. पण ऐकणारे सगळे परदेशी आलेले नवरे. ज्यांच्या बायका जालंधरला, होशियारपूरला होत्या आणि विहिरीवर जात होत्या. ते पोलाद वितळवणारे लोक तोंडावर रुमाल धरून रडायचे. गाणं संपलं की खुर्च्या आपटायचे, पाय आपटायचे, पुन्हा, पुन्हा म्हणून गलका करायचे.

आणि लालाजी ते पुन्हा लावायचे. तंबूच्या दिवसांपासूनची त्यांची ही युक्ती. लोकांना आवडलेला तुकडा वेगळ्या छोट्या रिळावर ठेवायचा, म्हणजे मोठं रीळ न उलगडता तो हवा तेवढ्या वेळा फिरवता येतो. गाण्याचं ते छोटं रीळ एकेका रविवारी कितीतरी वेळा मशीनमधून फिरायचं. मग ते वेगळंच प्रवासाला जायला लागलं. लेस्टर, कॉव्हेंट्री, ब्रॅडफर्ड. दुसराच कुठला सिनेमा चालू असला तरी मध्यंतरानंतर आधी हे गाणं दाखवा अशी फर्माईश यायची, आणि लालाजी कोणाला नाही म्हणत नसत. ते म्हणायचे, मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नये.

आई ताठ बसायची. ओठ मिटलेले, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सिनेमा सुटल्यावर आम्ही बसस्टॉपवर उभे राहायचो, आजूबाजूला तीच माणसं उभी, तेच गाणं गुणगुणत, तोंडातून वाफ काढत. त्यांच्या मधोमध आई, हातात भाजीची पिशवी. ते अदबीने सरकून तिला जागा द्यायचे आणि गात राहायचे. एकदा मी सांगायला तोंड उघडलं, की ही माझी आईच गायली आहे. आईने माझा हात इतका जोरात दाबला की मी गप्प झाले. तिला नको होतं असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

तसं नव्हतं. आजोबा गेल्याचं पत्र आलं, त्यानंतरच्या हिवाळ्यात एका शनिवारी लालाजी आमच्याकडे जेवायला आले होते. आईने पिठलं-भाकरी केली होती. इथल्या पिठाची भाकरी थापता थापता मोडायची, म्हणून ती वैतागलेली. लालाजी बोटं चाटत म्हणाले की तुझ्या हाताला तुझ्या गळ्याचीच चव आहे. असलं बोलायचे ते. आई तव्याकडे बघतच म्हणाली, "लालाजी, मेरा नाम कब आएगा?"

बाबांनी घास हातातच धरला. आई मागे वळली नाही.

"अगले प्रिंट में, बेटी," लालाजी म्हणाले. "सब से ऊपर. सुमती. पूरे परदे पर."

त्या दिवशी भाकऱ्या मोडल्या तरी आईने कुरकुर केली नाही. पुढे मग तो प्रघातच पडला. दर दिवाळीला लालाजी बर्फीचा डबा घेऊन यायचे, आई विचारायची, ते अगले प्रिंट में म्हणायचे. पुढे पुढे ती हसत विचारायची. पण विचारायची. मी कॉलेजला गेले, माझं लग्न झालं, व्हिडिओ आले, थिएटर बंद पडून तिथे बिंगो सुरू झाला, लालाजींना काठी आली आणि मग व्हीलचेअर आली, तरी तिचं विचारणं सुटलं नाही. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं तेव्हाही तिने विचारलं. त्यांनी तिचा हात धरला आणि वर आकाशाकडे बोट दाखवलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा तो मी तेव्हा घेतला नाही.

त्यांच्या अंत्यसंस्काराला आई गेली होती. क्रिमेटोरियममध्ये जागा अपुरी पडली म्हणे. भाषणं झाली, पंजाबी सिनेमाचा पाया, पंजाबीचा सेवक, सगळं झालं. घरी येऊन तिने कोट काढून ठेवला आणि कुकर लावला. "छान झालं सगळं," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती बरीच वर्षं होती. कोणाला विचारायचंच राहिलं नव्हतं, त्यामुळे तो विषय संपला.

म्हणून विकचा फोन आला तेव्हा मी हरखले, हे खोटं कशाला बोलू. विक सॉलिहलला अकाउंटंट आहे, स्वभावाने चांगला, पन्नाशीचा मुलगा. त्याच्या गॅरेजात ते डबे सापडले होते. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं. आईचं नाव दोनदा सांगितलं, अक्षर न् अक्षर फोडून सांगितलं. तो इंग्रजीत म्हणाला की काळजी करू नका आन्टीजी, गाण्याचं क्रेडिट आम्ही या वेळी नक्की देणार आहोत. फोन ठेवून मी एकटीच खुर्चीत बसून हसत होते. मग मी नेहाला, माझ्या मुलीला, लेस्टरहून बोलावून घेतलं. तिला आजी आठवते ती म्हातारी आणि दम लागलेली. तिला म्हटलं, चल, तुला तुझी आजी सतरा वर्षांची ऐकवते.

तर त्या हत्तींच्या दारातून आम्ही आत गेलो. लालाजींचा मोठा फोटो, त्याला शेवंतीचा हार. समोसे, मँगो लस्सी, कौन्सिलचे दोन पाहुणे. विकने भाषण केलं. आपल्या आजोबांनी, लालाजींनी, किती सोसलं ते सांगितलं. म्हणाला, मुंबईच्या लॅबमध्ये सिनेमाची निगेटिव्ह सडून गेली, आजोबा इंग्लंडला यायच्या आधीच. त्यांना ते ठाऊक होतं. पुन्हा प्रिंट कधीच निघणार नव्हती. ही एकच कॉपी छातीशी धरून तो माणूस इथे आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेहानेही वाजवल्या. मी माझे हात मांडीवर ठेवून बसले. म्हणजे आमच्या टेबलाशी बसून, आईच्या हातचं जेवून, प्रत्येक दिवाळीला हा माणूस जे सांगत होता ते होणार नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बर्फीचा डबा घेऊन यायचा म्हातारा. मला त्याच्या फोटोवरचा हार ओढून काढावासा वाटला.

सिनेमा सुरू झाला. चित्र लख्ख. लाकडी नायक, मिशी, म्हैस. पुढच्या रांगेतली तरुण पोरं नको तिथे हसत होती. मग विहीर आली. नटीने घडा खाली ठेवला, मान वर केली आणि गाणं सुरू झालं.

आई वरच्या सुरावर जायच्या आधी एक छोटा श्वास घ्यायची. इतका छोटा की तो ऐकू यायचा नाही, फक्त तिथे किंचित थांबल्यासारखं व्हायचं. तो आला नाही. शेजारी नेहाने माझा हात पकडला. तिचे डोळे भरून आले होते. "ममा, हा आजी आहे?" ती कुजबुजली. "सो ब्यूटिफुल." मी पडद्याकडे बघत राहिले. गाणं संपलं, लोकांनी खुर्च्या नाही आपटल्या पण टाळ्या भरपूर वाजवल्या, आणि शेवटी पांढऱ्या अक्षरांत श्रेयनामावली आली. विक शब्दाला जागला होता. विहिरीवरच्या गाण्याला या वेळी क्रेडिट होतं. त्यात वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका मुलीचं नाव होतं, आणि ती मुलगी पहिल्या रांगेत उठून उभी राहिली आणि तिने सगळ्यांना हात जोडले. बाविशीची असेल. नंतर तिने वाकून माझ्याही पायांना हात लावला. तिला काय बोलणार, तिचा काय दोष?

विकला मी बाजूला घेतलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं मी अभिनंदन करायला आले आहे.

"आन्टीजी, त्या रिळावर साउंड उरलाच नव्हता," तो म्हणाला. "लॅबवाला म्हणाला, बाकी प्रिंट ओके आहे, पण हे रीळ इतक्या वेळा चालवलंय की नुसता खरखराट येतो. वी हॅड नो चॉइस. पिक्चर वाचलं, गाणं पुन्हा गाऊन घेतलं." आईचं नाव? ते त्याच्या लक्षात होतं. पण आवाज तिचा नसताना तिचं नाव घालणं बरोबर झालं नसतं, असं तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. अकाउंटंट माणूस.

"मग तो खरखराट दे मला," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं की मला तोच पाहिजे, जसा असेल तसा. त्यात कुठेतरी ती असेल, मी शोधून काढीन. तो गोंधळून नेहाकडे बघायला लागला. मग म्हणाला की त्या रिळाला व्हिनेगरसारखा वास यायला लागला होता, बाकीच्या रिळांना त्याची लागण होते म्हणे, म्हणून चित्र उतरवून घेतल्यावर लॅबने ते टाकून दिलं. त्याने सॉरी म्हटलं. खरंच म्हटलं. मग कौन्सिलच्या पाहुण्यांनी त्याला फोटोसाठी बोलावलं.

ज्या माणसांनी ते गाणं डोक्यावर घेतलं, त्यांनीच ते झिजवून संपवलं. एखाद्या रविवारी ते गप्प बसले असते, कोणालाच ते आवडलं नसतं, पडून राहिलं असतं, तर आज आई त्यात असती. आणि लालाजींनी एकदा, एकदाच, मागणाऱ्यांना नाही म्हटलं असतं तरी असती. नाही म्हटलं ते त्यांनी एकाच मागणाऱ्या बाईला, आणि तेही होय म्हणून.

नेहाने सगळ्या वाटेभर गाडी हळू चालवली. तिला कळलं होतं, पण काय बोलावं ते मराठीत सुचत नव्हतं आणि इंग्रजीत बोलायचा तिला धीर होत नव्हता. घरी सोडताना एवढंच म्हणाली, "ममा, तुझ्या डोक्यात तर आहे ना आजीचा आवाज?" मी हो म्हटलं.

तेव्हा होता. भांडी घासताना आई ते गाणं म्हणायची, कोणी नसताना, नळाच्या धारेखाली. किंचित नाकात, आणि त्या पंजाबी शब्दांना पक्कं परळचं वळण. तेवढं मी इतकी वर्षं जपलं होतं, त्यासाठी मला कोणाच्या रिळाची गरज पडली नव्हती. आता मी सिंकपाशी उभी राहते आणि आठवायला जाते. पहिली ओळ येते, आणि येतो तो वुल्व्हरहॅम्प्टनच्या त्या मुलीचा आवाज. स्वच्छ, गोड, उच्चार अगदी बिनचूक. मी नळ बंद करते, थोडं थांबते, पुन्हा सोडते. तीच येते.